मटणाची फोड कुणाच्या ताटात? रक्तक्षय आणि सूक्ष्म पोषकांची कमतरता घरातून, गावातून हटवण्याच्या पायऱ्या

कोल्हापूर जिल्ह्यात अन्नाला तोटा नाही. नदीकाठानं ऊस उभा असतो, गोठ्यात म्हैस असते, पहाटे डेअरीपुढं कॅन लागतात, रविवारी मटणाच्या दुकानाबाहेर रांग असते. तरीही उपकेंद्रात बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघितलं, की बायकांचे आकडे दहा, साडेनऊ, नऊ असेच येत राहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयाच्या, म्हणजे ॲनिमियाच्या गटात निघाली. म्हणजे हा एखाद्या घराचा आजार राहिलेला नाही, गल्लीच्या गल्ली त्यात आहे.

भूमिहीन मजुरांची, ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची गोष्ट वेगळी; तिथं हातात पैसाच नसतो. पण बऱ्याच घरांत अडचण वाटणीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दूध निघतं ते डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं. तालमीत जाणाऱ्या पोराचा खुराक सगळ्या घराला पाठ असतो, दूध किती, बदाम किती, तूप किती. त्याची बहीण वयात आली, दर महिन्याला तिच्या अंगावरून रक्त जातं, तिच्या खुराकाचा हिशेब मात्र कुणी करत नाही. म्हणून या लेखात औषधांइतकंच ताटाबद्दल लिहिलं आहे.

आधी थोडं समजून घेऊ

भाकरी, भात, डाळ, तेल यांतून ताकद मिळते आणि शरीर बांधलं जातं. पण ती यंत्रणा चालवायला लोह, आयोडीन, जस्त, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, बी-१२, फॉलिक आम्ल अशी द्रव्यं लागतात. यातली बरीचशी दिवसाला काही मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीच लागतात. मोठ्या माणसाला आयोडीन दिवसाला जेमतेम १५० मायक्रोग्रॅम पुरतं. एवढंसंही मिळालं नाही तर पोट भरलेलं असतं, वजनही बरं असतं आणि माणूस आतून खंगत जातो. त्यामुळे जाड माणसाला रक्तक्षय नसतो, हा समज पहिल्यांदा टाकून द्या.

गावावर याचा परिणाम कसा होतो बघा. रक्तक्षय असलेल्या बाईची बाळंतपणात जोखीम वाढते, थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही. मूल कमी वजनाचं जन्माला येण्याची शक्यता वाढते. त्याच्या पोटात पहिल्या दोन वर्षांत लोह गेलं नाही तर मेंदूची वाढ मागे पडते, आणि पुढं शाळेत त्याचं लक्ष लागत नाही. ‘पोर मंद आहे’ म्हणून शिक्षक आणि आईबाप मोकळे होतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर गोवर आणि जुलाब जास्त जिवावर बेततात. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होऊ शकतो. रानात भांगलणीला जाणारी बाई दुपारी धाप लागून बांधावर बसते, तिला सगळे आळशी ठरवतात. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायलाच पुरेसं काही नसतं.

पहिली पायरी: घरातल्या माणसांकडे नीट बघा

दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून आतली बाजू बघा. ती लालसर गुलाबी हवी. फिकट, पांढुरकी असेल तर रक्त कमी असण्याची शंका घ्या. जिन्याच्या दहा पायऱ्यांत धाप लागणं, केस गळणं, नखं चमच्यासारखी खोलगट होणं, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ही लोह कमी झाल्याची लक्षणं आहेत. पोर भिंतीची माती चाटतं म्हणून त्याला मार बसतो. त्याऐवजी त्याचं रक्त तपासा.

हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, विसरभोळेपणा हे असेल तर बी-१२ ची शंका घ्या. अंधार पडल्यावर मूल धडपडत असेल किंवा बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसत असेल तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, तिथं एक दिवसही थांबू नका. गळ्याला पुढून सूज असेल तर आयोडीन आणि थायरॉइड तपासायला हवं. कंबर आणि मांडीची हाडं ठणकत असतील, खाली बसून उठताना हात टेकावा लागत असेल तर ड जीवनसत्त्व. इचलकरंजीत दिवसभर मागावर, बंद शेडमध्ये काम करणाऱ्यांनी आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं.

लक्षणांवरून फक्त शंका घ्यायची असते. निदान तपासणीत होतं.

दुसरी पायरी: रक्त तपासा, आकडा वहीत लिहा

हिमोग्लोबिन उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. गरोदर बाईसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती चुकवू नये. बाईला निदान १२, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३ आणि पाच वर्षांखालच्या मुलाला ११ ग्रॅम हिमोग्लोबिन हवं. गरोदर नसलेल्या बाईचं ८ च्या खाली किंवा गरोदर बाईचं ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

जमलं तर रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या, ज्याला सगळे सीबीसी म्हणतात. त्यात तांबड्या पेशींचा आकार कळतो. पेशी लहान असतील तर बहुधा लोह कमी असतं, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फॉलिक आम्ल. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बी-१२ कमी असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन काही फरक पडत नाही. मग ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून बाई त्या सोडून देते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाच्याही पेशी लहान दिसतात, म्हणून घरात कुणाला तो असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला रक्तक्षय निघाला तर पोटात किंवा मूळव्याधीतून रक्त जातंय का, हे शोधल्याशिवाय गोळ्यांवर समाधान मानू नये.

तिसरी पायरी: तीन दिवसांचं ताट कागदावर उतरवा

ही पायरी सगळ्यांना किरकोळ वाटते, पण माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगाची आहे. घरातल्या प्रत्येकाचा एक रकाना करा. कुणी काय खाल्लं, किती खाल्लं, कितव्या पंगतीला खाल्लं आणि जेवणाच्या आगेमागे चहा कधी घेतला, एवढंच लिहायचं. तीन दिवसांत एक रविवार यायला हवा.

रविवारचं एक ताट जवळून बघू. किलोभर मटण शिजलं आहे. आधी पुरुष आणि पोरं बसतात. पातेल्यातून नळी, फोडी, काळीज त्यांना वाढलं जातं. मागनं सासूबाई बसतात, त्यांना दोन फोडी. शेवटी सून बसते. तोवर पातेल्यात तांबडा रस्सा, कांदा-खोबऱ्याचा गाळ आणि एखादा हाडाचा तुकडा राहिलेला असतो. ती भाकरी कुस्करून रस्सा ओतून घेते आणि पोटभर जेवते. ‘आज मटण खाल्लं’ असं तीही म्हणते आणि घरही म्हणतं. पण मटणातलं लोह फोडीत आणि काळजात असतं, रस्स्यात ते नाममात्र उतरतं. घरात ज्या एका माणसाला लोहाची सर्वांत जास्त गरज आहे, तिच्याच वाट्याला ते आलेलं नसतं. भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पातेलं चुलीवरून उतरलं की सगळ्यांच्या फोडी आधीच वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा. सुनेची, वयात आलेल्या मुलीची वाटी झाकून बाजूला ठेवा. हे काम सासूबाईंनी हातात घेतलं तर घरात वाद होत नाही, असं मी पाहिलं आहे. ‘अगं, तुझी वाटी शिंकाळ्यात ठेवलीया, ती तूच खायची,’ एवढं त्यांनी म्हटलं की पुरे. काळीज आणि रक्ती (शिजवलेलं बकऱ्याचं रक्त) यांत लोह भरपूर असतं आणि ते शरीरात चटकन शोषलं जातं. ज्यांच्या घरात चालतं त्यांनी ते बाईच्या ताटात आवर्जून घालावं. एक काळजी मात्र घ्या: काळजात अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून गरोदरपणात ते टाळावं.

चौथी पायरी: स्वयंपाकात बदल

आधी चहा. जेवल्याबरोबर चहा घेतला की भाजी-भाकरीतलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं. चहा सोडा असं कुणी सांगत नाही. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर तो नको, एवढंच. आपल्याकडं मिसळीवर लिंबू पिळतात ते फार चांगलं आहे: मोड आलेल्या मटकीतलं लोह लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळं दुपटी-तिपटीनं जास्त शोषलं जातं. त्याच मिसळीवर लगेच कडक चहा आला की तो फायदा बराचसा वाया जातो.

लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, कच्ची कोबी यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. कडधान्य मोड आणूनच शिजवा, त्यामुळं लोह आणि जस्त अडवून धरणारे घटक कमी होतात. भाजी आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी ओतून देऊ नका. भाकरी लोखंडी तव्यावर होतेच, आमटी आणि पालेभाजीही लोखंडी कढईत करा. टोमॅटो-चिंचेसारखं आंबट घातलं तर कढईतलं थोडं लोह अन्नात उतरतं. शिजल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

पालेभाजीला आपल्या भागात तोटा नाही. पोकळा, तांदळी, चाकवत, अंबाडी, शेपू, मेथी, हरभऱ्याचा पाला आणि शेवग्याचा पाला. मृगाच्या पावसानंतर कुर्डू, टाकळा, भारंगी. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडच्या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायांना यातली कुठली भाजी कशी उकळून पाणी टाकायची, कुठली तशीच परतायची हे नेमकं ठाऊक आहे. ते त्यांच्याकडून शिकून घ्या आणि ओळख पटल्याशिवाय रानातला कुठलाही पाला शिजवू नका. गडद हिरव्या पाल्यात, गाजरात, लाल भोपळ्यात आणि पिकलेल्या पपईत अ जीवनसत्त्व बनवणारं द्रव्य असतं. त्यासोबत तेला-तुपाचा चमचा हवा, नाहीतर ते अंगी लागत नाही.

नाचणीबद्दल थोडं जास्त लिहितो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढं गव्हात नाही, ज्वारीत नाही, तांदळात तर नाहीच. डोंगराकडच्या तालुक्यांत ती पिकते आणि शहरात ‘पौष्टिक’ म्हणून महाग विकली जाते. पिकवणारी घरं मात्र ती विकून रेशनचा तांदूळ खातात. वर्षाची नाचणी आधी घरी ठेवा, उरलेली विका. मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठाची आंबील सहा महिन्यांवरच्या बाळाला वरच्या आहारात उत्तम. तिळाची आणि कारळ्याची चटणी रोज ताटाच्या कडेला असू द्या.

आता गूळ. आपला गूळ प्रसिद्ध आहे, म्हणून हे सांगताना लोकांना राग येतो, पण सांगायलाच हवं: गुळानं रक्तक्षय बरा होत नाही. वीस ग्रॅमच्या खड्यातून लोह मिळतं ते साधारण एक मिलिग्रॅम, तेही पूर्ण शोषलं जात नाही. साखरेऐवजी गूळ खा, शेंगदाण्यासोबत खा, पण गोळीच्या जागी खाऊ नका. बीट आणि खजुराचंही तसंच.

बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. मोड आणून किंवा आंबवून ते तयार होतं, हा गैरसमज आहे. शिरोळ-हातकणंगले भागात शाकाहारी कुटुंबं बरीच आहेत, त्यातली अनेक अंडंही खात नाहीत. त्यांचा आधार दूध, दही, ताक. पाव लिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा डेअरीला घालण्याआधी माणशी पाव लिटर तरी घरात ठेवा, बिल तेवढं कमी येईल हे धरून. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं.

मीठ आयोडीनयुक्तच घ्या, पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीपासून लांब, आणि पदार्थ उतरवताना घाला. लोणच्याचं खडे मीठ रोजच्या स्वयंपाकात वापरू नका. ड जीवनसत्त्वासाठी हात, पाय, तोंड उघडं ठेवून सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान अर्धा तास ऊन घ्यावं. कोवळ्या उन्हाचा त्यासाठी विशेष उपयोग नाही. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी डॉक्टर लिहून देतात. ती कुणी रोज घेतली तर विषबाधा होते.

पाचवी पायरी: गोळ्या, जंत आणि चप्पल

रक्तक्षय एकदा झाला की फक्त आहारानं तो भरून निघत नाही, गोळ्या लागतातच. २०१८ पासून ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेत त्या वयाप्रमाणे मोफत मिळतात: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली सिरप, ५ ते ९ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांना आठवड्याला एक निळी, गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हे डोस रक्तक्षय होऊ नये म्हणून आहेत. झालेला असेल तर डोस डॉक्टर वाढवतात.

गोळी खाल्ली की शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, लिंबूपाण्यासोबत घ्या. दुधासोबत, चहासोबत नको. गरोदरपणातली कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर हवं, एकत्र घेतल्या तर लोह वाया जातं. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गोड समजून पोरानं मूठभर खाल्ल्या तर जिवाला धोका असतो.

लग्न झालेल्या मुलीनं दिवस जाण्याआधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करावं. बाळाच्या मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

जंत रक्त पितात. आकडी जंताची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, म्हणून भाताच्या चिखलात, उसाच्या सरीत उतरणाऱ्यांनी आणि पोरांनी शौचाला जाताना चप्पल घालावी. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीबरोबर आणि पुढं पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असे एकूण नऊ. दोन-तीन डोसांनंतर घरं विसरतात. कार्ड काढून मोजा.

मुलाला जुलाब झाले तर ओआरएससोबत जस्ताची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या गावांना पुराचं पाणी किती दिवस राहतं ते दाखवलं आहे, आणि त्या पाण्यामागून जुलाब येतात. जूनमध्ये घरात ओआरएस, जस्ताच्या गोळ्या आणि गरोदर बाईच्या महिनाभराच्या लाल गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. मदतीच्या किटमध्ये तांदूळ, बिस्किटं आणि पाणी येतं. या गोळ्या येतीलच असं नाही.

सहावी पायरी: गल्लीनं मिळून करायची कामं

दर महिन्याला गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. त्या दिवशी आशाताई, अंगणवाडी सेविका आणि सिस्टर एकत्र भेटतात. बचत गटाच्या बायकांनी त्या दिवशी गटानं जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. एकटी बाई ‘मला काय झालंय’ म्हणून जात नाही, दहाजणी मिळून सहज जातात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी शेवग्याचं रोप किंवा लोखंडी कढई वाण म्हणून द्या.

रेशनच्या तांदळाबद्दल एक अफवा अजून फिरते. काही वर्षांपूर्वी सरकारनं या तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळायला सुरुवात केली, शंभर किलोला एक किलो. हे दाणे तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून बनवतात. रंगानं जरा वेगळे, धुताना काही वर तरंगतात. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते निवडून टाकतात, म्हणजे नेमकं जे घ्यायचं तेच फेकतात. शंका असेल तर दहा दाणे वेगळे काढून शिजवा आणि बोटांत चिरडा. भातासारखे मऊ होतात, प्लॅस्टिक कधी शिजत नाही. हे अंगणवाडीत सगळ्यांसमोर करून दाखवा. थॅलेसेमियाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच असा तांदूळ खावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांची पोरं पालावर असतात, अंगणवाडीच्या यादीत त्यांची नावं नसतात, आणि मुकादमाला त्याचं काही पडलेलं नसतं. गावात पाल पडलं की ग्रामपंचायत सदस्यानं किंवा गटाच्या बाईनं त्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेला कळवावं. गरोदर बायकांची नोंद, मुलांचा अ जीवनसत्त्वाचा डोस, जंताची गोळी आणि आहार, सगळं तिथून सुरू होऊ शकतं.

सातवी पायरी: पुन्हा तपासा

गोळ्या सुरू केल्यावर महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा बघा. निदान एक ग्रॅमनं वाढायला हवं. वाढलं तर चालू ठेवा; आकडा भरला तरी शरीरातला साठा भरायला पुढं साधारण तीन महिने गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. वाढलं नाही तर आधी विचारा: गोळी खरंच रोज पोटात जाते का, की डब्यात साचते? चहा किंवा कॅल्शियमसोबत जाते का? पाळीत अंगावरून जास्त जातं का? हे सगळं ठीक असेल तर तालुक्याच्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. जाताना जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि तीन दिवसांच्या ताटाचा कागद बरोबर न्या.